आपदा मित्र प्रशिक्षण आणि संच : बारा दिवस, एक पिशवी आणि एक वही

आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर आहे. नृसिंहवाडीच्या संगमापासून ते लांब नसल्यामुळे कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांचा हिशेब आम्हाला ठेवावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत गावाला वेढा पडला. २०१९ मध्ये तर आठवडाभर बाहेरच्या जगाशी आमचा संबंध फक्त नावेचा होता. गावात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान आहे. २०२१ च्या पुरानंतर मी 'आपदा मित्र' योजनेत नाव नोंदवले, बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले, बचावाच्या सामानाचा संच घरी आणला आणि २०२४ च्या जुलैत तो प्रत्यक्ष वापरला. एखादी वस्तू विकत घेऊन दोन-तीन पावसाळे वापरल्यावर तिच्याविषयी जसे लिहितात, तसे या योजनेविषयी लिहावे, असे मनात होते. तिच्याविषयी आजवर वाचले ते बहुतेक उद्घाटनाच्या छायाचित्रांखाली. वापरलेल्या माणसाचे फारसे कुठे आढळले नाही.

ज्यांना योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये २५ राज्यांतल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, प्रत्येक जिल्ह्यात २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे त्याची व्याप्ती ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक इतकी वाढवण्यात आली. कल्पना साधी आणि पटणारी आहे. बचाव पथक कितीही तत्पर असले तरी ते रस्त्याने येते आणि पुरात रस्ता सर्वांत आधी जातो. म्हणून पहिले काही तास जो हजर असतो त्याला, म्हणजे गावातल्याच माणसाला, शिकवून ठेवायचे. प्रशिक्षणाला पैसे पडत नाहीत. मात्र बारा दिवस दुकान बंद राहते किंवा शेतमजुराची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, हा खर्च आपला आपण धरायचा.

प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस मी जांभया देत काढले. आपत्तीची व्याख्या, तिचे प्रकार, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यातल्या समित्या हे सगळे पडद्यावर येत होते आणि मागच्या बाकांवरची पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती. तिसऱ्या दिवशी आम्हाला पाण्यावर नेले आणि चित्र पालटले. रिकामे प्लास्टिकचे डबे, झाकण घट्ट लावलेल्या पाण्याच्या बाटल्या, केळीचे खुंट आणि सुतळी एवढ्यावर माणूस तरंगवता येतो, हे कानांनी ऐकणे आणि आपण स्वतः त्यावर छाती टेकून तरंगणे यांत फार अंतर आहे. आमच्या तुकडीत पोहता न येणारे दोघे होते. पाठीवर आणि पोटावर बाटल्यांच्या माळा बांधून ते जेव्हा काठ सोडून आत गेले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची भीती ओसरताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. त्या एका तासासाठी पहिले दोन दिवस मी माफ केले.

बुडणाऱ्याला वाचवण्याचा क्रमही असाच अंगवळणी पाडला गेला. आधी काठावरून हात किंवा काठी द्यायची, ते जमले नाही तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची, मग नाव न्यायची, आणि स्वतः उडी मारणे हा सर्वांत शेवटचा मार्ग. नदीकाठी वाढलेल्या पोराला हे शिकवणे सोपे नाही, कारण त्याच्या अंगात उडी आधी येते आणि विचार मागून. बुडणारा माणूस जवळ आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, हे आमच्या भागातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे, तरीही उडी मारणाऱ्याचे कौतुक होते आणि काठी शोधायला धावणाऱ्याला भित्रा म्हणतात. प्रशिक्षकांनी ही खोड ओळखून प्रत्येकाकडून तो क्रम दहा-दहा वेळा करून घेतला.

प्रथमोपचाराचा भाग उत्कृष्ट होता. थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० ची लय धरायची, दाब पाच सेंटिमीटरहून कमी नको, तीस दाबांनंतर दोन श्वास द्यायचे. ऐकताना सोपे वाटते, पण बाहुल्यावर दोन मिनिटे केले की खांदे भरून येतात आणि आळीपाळीने करणारा दुसरा माणूस का हवा ते कळते. पुराच्या दिवसांत साप घराच्या आढ्यावर आणि ओट्यावर येतात. दंशाच्या जागी चीर देणे, रक्त शोषणे, वर करकचून दोरी बांधणे हे गावातले तिन्ही उपाय घातक आहेत, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवून रुग्णाला हालचाल न करू देता दवाखान्यात न्यायचे, हे तिथे पुन्हापुन्हा सांगितले गेले. गाठींच्या तासाला मात्र थोडी गंमत झाली. बोलाइन, क्लोव्ह हिच अशी नावे पाठ करताना अडखळणाऱ्या आमच्यातल्या एका शेतकऱ्याने दुसऱ्याच प्रयत्नात बिनचूक गाठ मारली आणि ही तर बैल बांधायची गाठ, गळ्याला आवळत नाही, असे शांतपणे सांगून टाकले. निरगाठ आणि सुरगाठ ज्यांच्या बोटांत आहे त्यांना परकी नावे पाठ करायला लावण्याऐवजी तिथूनच सुरुवात केली असती, तर अर्धा दिवस वाचला असता.

आता उणीव. आमचा सगळा सराव शांत पाण्यात झाला. पुराचे पाणी शांत नसते. त्याला ओढ असते, त्यात उन्मळलेली झाडे, उसाचे भारे, विजेच्या तारा आणि मेलेली जनावरे वाहत येतात, आणि आमच्या कृष्णेत मगरीही आहेत. वाहत्या पाण्यातला एखादा तरी दिवस, अर्थातच पूर्ण बंदोबस्तात, असायला हवा होता. त्याशिवाय मिळणारा आत्मविश्वास अर्धाच असतो, आणि पाण्यात अर्धा आत्मविश्वास धोक्याचा.

संचाकडे वळतो, कारण पुष्कळांना त्याचेच आकर्षण असते. आम्हाला मिळालेल्या पिशवीत जीवरक्षक जाकीट, हेल्मेट, विजेरी, दोर, हातमोजे, गॉगल, रेनकोट, गमबूट, शिट्टी, खिशातला चाकू, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याची बाटली, मच्छरदाणी आणि गॅसचा लायटर एवढे सामान होते. जाकीट सर्वांत मोलाचे, त्याविषयी दुमत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेकांचे जीव गेले. नावेत क्षमतेहून जास्त माणसे होती. ती बातमी आमच्या गावाने स्वतः पाण्याच्या वेढ्यात असताना ऐकली. तेव्हापासून इथे जाकिटाला कोणी हसत नाही. पण संचातले जाकीट स्वयंसेवकासाठी एकच असते आणि नावेत बसणाऱ्या आजीच्या, मुलाच्या अंगावर काहीच नसते, याचा विचार संचात दिसत नाही. आम्ही वर्गणी काढून लहान मुलांच्या मापाची काही जाकिटे वेगळी घेतली. संच मिळाल्यावर पहिला खर्च हाच करावा, असे मी कोणालाही सांगेन.

शिट्टी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू ठरली. नावेच्या इंजिनाच्या आवाजात माणसाची हाक दहा हातांवर पोहोचत नाही, शिट्टी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. चाकू दुसऱ्या क्रमांकावर, कारण पाणी गोठ्यात शिरल्यावर ओले झालेले दावे बोटांनी सुटत नाही, ते कापावेच लागते. विजेरी सौरऊर्जेवर चालणारी होती. ज्या आठवड्यात तिची गरज असते त्या आठवड्यात सूर्य दिसत नाही, हे ती निवडणाऱ्याच्या लक्षात आले नसावे. मे महिन्यात ती पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि जपून वापरायची, हा आमचा तोडगा. गमबुटांविषयी मात्र स्पष्ट इशारा देतो. ते पूर ओसरल्यानंतरच्या चिखलासाठी उत्तम आहेत, पण वाहत्या पाण्यात घालू नयेत. पाणी आत भरले की पाय उचलत नाही आणि ओढीत माणूस आडवा होतो. शिवाय आमच्या तुकडीतल्या मुलींना मिळालेले बूट दोन माप मोठे होते. बदलून मागितले, पण शेवटपर्यंत ते बदलून आले नाहीत. मच्छरदाणीची मी आधी चेष्टा केली होती. पूर उतरल्यानंतरच्या पंधरवड्यात शाळेतल्या छावणीत झोपताना ती चेष्टा मागे घेतली.

योजनेत वयाची अट आहे, १८ ते ४०. व्यायामाच्या दृष्टीने ती समजते. पण आमच्या गावात पाणी वाचता येणारी माणसे साठीच्या पुढची आहेत. नाव चालवणारे घर पिढ्यान्‌पिढ्या नदीवर आहे. कुठे भोवरा पडतो, कुठल्या वावरात विहिरीचा काठ पाण्याखाली दडलेला आहे, फुगवट्याचे पाणी आणि वरून येणारे पाणी यांचा रंग कसा वेगळा असतो, हे त्यांना विचारावे लागते. गुऱ्हाळाची काहील, जिच्यात गुळासाठी उसाचा रस आटवतात, ती पाण्यावर सोडून तिच्यात चार माणसे बसवून पलीकडे नेण्याची रीत या भागात जुनी आहे. तिचा तोल कसा सांभाळायचा हे कुठल्याही पुस्तकात नाही, ते त्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत आहे. काहील सुरक्षित नाही हे मान्य, पण नाव येईपर्यंत लोक ती वापरणारच असतील, तर तिच्यात किती माणसे बसवायची आणि कधी मुळीच पाण्यात घालायची नाही, एवढे तरी या दोन पिढ्यांनी एकत्र बसून ठरवायला नको का? त्या नावाड्याला बारा दिवस धावायला लावू नये, पण एक दिवस समोरच्या खुर्चीवर बसवून शिकवायला सांगायला काय हरकत होती?

माझा मुख्य आक्षेप याच्याशीच जोडलेला आहे. प्रशिक्षण, ओळखपत्र, संच हे सर्व एका माणसाला दिले जाते, गावाला नाही. आमच्या गावातून आम्ही तिघे गेलो होतो. आल्यावर पुढे काय करायचे, कोणी कोणाशी बोलायचे, ग्रामपंचायतीने आम्हाला कधी हाक मारायची, हे तिथे कोणी ठरवून दिलेले नव्हते. बांगलादेशाचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. १९७० च्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसे मेली, त्यानंतर १९७२ मध्ये सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. त्यात आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. ते सुटे नाहीत, वस्तीवार तुकड्यांत बांधलेले आहेत. धोका वाढेल तशी एक, दोन, तीन बावटे चढवण्याची त्यांची पद्धत न शिकलेल्या माणसालाही कळते, आणि कोणाच्या दारात कोणी जायचे हे आधीच ठरलेले असते. बावटा चढला की काय करायचे हे साऱ्या वस्तीला ठाऊक असते. आमच्याकडे आमच्या तिघांच्या पिशव्यांत काय आहे, हे सुरुवातीला शेजाऱ्यालाही माहीत नव्हते.

त्यामुळे परत आल्यावर आम्ही जे केले ते योजनेच्या बाहेरचे होते, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी तेच ठरले. दुकानातली एक दोनशे पानी वही घेतली आणि आम्ही तिघे, आशाताई आणि अंगणवाडीताई असे गल्लोगल्ली फिरलो. पाणी आले की ज्यांना उचलूनच न्यावे लागेल अशी माणसे, दिवस भरत आलेल्या बायका, रोज इन्सुलिन लागणारे, एकटे राहणारे, आणि ज्या घरात नाव, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर किंवा पक्क्या गच्चीवर जागा आहे अशी घरे, यांची नोंद केली. अंगणवाडीताईंना प्रत्येक घरातली अडचण तोंडपाठ होती. आम्ही तिघे अवाक झालो. जी माहिती गोळा करायला दोन आठवडे लागतील असे वाटले होते, ती चार संध्याकाळींत झाली.

नंतर पाण्याच्या खुणा. बातम्यांत आकडे येतात ते कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याचे, जिथे इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, किंवा सांगलीच्या आयर्विन पुलाचे, जिथे त्या ४० आणि ४५ आहेत. मोबाइलवरचा इशारा सबंध जिल्ह्याला एकच असतो. त्या आकड्यांवरून माझ्या गल्लीत पाणी कधी येणार हे कसे कळावे? आम्ही विजेच्या खांबांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा रंगवायला घेतल्या. नदीच्या घाटाकडून सुरुवात करणार इतक्यात पारावर बसलेल्या तात्यांनी हाक मारली.

"पोरानू, तिकडं काय रंगवतायसा? पाणी नदीतनं येत न्हाई, वड्यातनं येतंय. आधी वड्याचा पूल बघा."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. नदी फुगली की तिचे पाणी ओढ्यात उलटे चढते, ओढ्यावरचा लहान पूल बुडतो, आणि घाटाच्या पायऱ्या अजून शिल्लक असताना गावाचा रस्ता तुटलेला असतो. म्हणजे गाव सोडायचे असेल तर घाटाकडे पाहत बसून चालत नाही. वहीच्या पहिल्या पानावर आता बंधाऱ्याचा आकडा आणि त्यासमोर ओढ्याच्या पुलाची स्थिती अशी दोन रकान्यांची नोंद आहे, आणि उचलून न्यायची माणसे पूल बुडण्याच्या आदल्या दिवशी हलवायची, असा ठराव ग्रामसभेत झाला आहे.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. आमच्या वहीत उचलून न्यायची नऊ माणसे होती. त्यांतली आठ, पूल उघडा असतानाच, ट्रॅक्टर आणि रिक्षांतून नातेवाइकांकडे किंवा शाळेत पोहोचली. नवव्या आज्जींनी नकार दिला. २०१९ ला पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागून परत गेले होते, त्यामुळे या वेळीही ते तिथूनच फिरेल, अशी त्यांची खात्री होती. आम्ही वाद घातला नाही. खांबावरची रेघ दाखवली आणि पाणी आत्ता कुठे आहे तेही दाखवले. संध्याकाळी त्यांनीच निरोप पाठवला. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे दोन बांबू आणि घोंगडे यांचे स्ट्रेचर आम्ही मोठ्या उत्साहाने तयार केले, आणि ते त्यांच्या बोळाच्या वळणावर अडकले. बांबू लांब, बोळ अरुंद. शेवटी घरातली लाकडी खुर्ची घेतली, आज्जींना पदराने आणि दोराने तिला बांधले आणि पुढे एक, मागे एक असे उचलून बाहेर आणले. खुर्चीवरून जाताना त्या म्हणाल्या, "लग्नात पालखी न्हवती माझ्या, आता बघ." स्ट्रेचरचा सराव मैदानात न करता गावातल्या बोळात करायला हवा होता, ही आमची चूक.

जनावरांचा प्रश्न मात्र प्रशिक्षणातही सुटला नाही आणि आमच्या वहीतही पुरता सुटलेला नाही. माणसे घर सोडत नाहीत याचे कारण पुष्कळदा दावणीला बांधलेली म्हैस असते. तिला सोडून या, हे सांगणाऱ्याने कधी दुधाचे बिल मोजलेले नसते. आमच्या बारा दिवसांत जनावरांवर पंधरा मिनिटे खर्ची पडली. चारा कुठे, छावणी किती उंचीवर, जनावर ट्रॅक्टरवर चढवायचे कसे, यासाठी पशुवैद्यकासह निदान एक दिवस हवा. तो मिळाला तर माणसे हलवण्याचे निम्मे काम आपोआप होईल, हे मी अनुभवाने सांगतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. योजनेत स्वयंसेवकाच्या विम्याची तरतूद तीन वर्षांची आहे, त्यामुळे आपला विमा कोणत्या तारखेला संपतो ते प्रमाणपत्राच्या मागे लिहून ठेवावे. उजळणीची वाट पाहत बसू नये, छाती दाबण्याचा सराव दोन वर्षांत हातातून जातो. आम्ही दर मे महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला बोलावतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पोहता न येणाऱ्यांनाही पाठ असावा. आणि नाव नोंदवताना एका घरातले किंवा एकाच तरुण मंडळातले तिघे न पाठवता तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतले पाठवावेत, त्यांत एक तरी बाई असावी. कारण रात्री दोन वाजता बाळंतीण हलवायची असते, तेव्हा तिच्या सासूला दारात अनोळखी पुरुष नको असतो.

गुण द्यायचे तर प्रशिक्षणाला पाचपैकी चार. संचाला तीन, आणि त्यातला एक निव्वळ शिट्टीचा. गावाला सोबत घेण्याच्या बाबतीत योजनेला मी दोनच देईन, कारण ती बाजू आम्हाला आमच्या खर्चाने आणि अंगणवाडीताईंच्या स्मरणशक्तीवर उभी करावी लागली. तरीही नदीकाठच्या कोणी विचारले तर जाच, असेच सांगतो. वहीचा नमुना दुकानात ठेवलेला आहे. शेजारच्या दोन गावांनी त्याच्या झेरॉक्स नेल्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत. आमच्या वहीत या मे महिन्यात चार फोन नंबर बदलले, दोन नावे खोडावी लागली आणि उचलून न्यायच्या माणसांच्या पानावर, स्वतःच्या सांगण्यावरून, तात्यांचे नाव चढले.